ट्यूबच्या तोंडाशी तपकिरी

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले. जाऊबाईंनी त्यांची ट्यूब दिली. तीन आठवड्यांत गाल उजळले आणि ती ट्यूब मला पुढे दोन वर्षं सुटली नाही. औषधाच्या दुकानात रिकामी ट्यूब दाखवायची, नवी घ्यायची. चिठ्ठी कधीच कुणी मागितली नाही.

एखादा आठवडा लावायचं राहिलं की चेहरा भाजल्यासारखा लाल व्हायचा. पुन्हा लावलं की शांत. मी समजायचे, क्रीम मला मानवतंय. मग नाकाच्या कडेला तांबड्या बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव दाट झाली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. असं तिहेरी मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये मांडलं. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या आठवड्यांसाठी ते आजही देतात. मी ते पावडरीसारखं रोज फासत होते.

ट्यूबच्या तोंडाशी क्रीम काकवीसारखं तपकिरी झालेलं असायचं. तेवढं पुसून मी पुढचं लावायचे. हवा-उजेड लागला की हायड्रोक्विनोन असं काळवंडतं, गुण कमी होतो, जळजळ वाढते. तुमच्याकडे अशी ट्यूब असेल तर टाकून द्या.

सौम्य आणि टिकाऊ क्रीम बनवणाऱ्यांची खटपट इथेच आहे. कोजिक ॲसिडही रंग बदलतं, म्हणून त्याचं जास्त टिकणारं रूप, कोजिक डायपाल्मिटेट, वापरात आलं. नायसिनामाइड तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींत पोचू देत नाही. मला ॲझेलेइक ॲसिड दिलं. पहिले काही दिवस चुणचुणलं, फरक दिसायला तीन महिने गेले. सोबत आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात.

नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, उदाहरणार्थ मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं लावत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. माझं टप्प्याटप्प्यानं सोडवलं. पार्लरमधली बिनलेबलाची डबी मात्र घरात आणूच नका. तसल्या क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि तो मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

माझ्या डाव्या गालावर अजून पुसट सावली आहे. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे.