दातांतील फट आणि पन्नास ग्रॅमचा जोर

आरशासमोर उभे राहून वरच्या जबड्यातील समोरचे दोन पटाशीचे दात नीट पाहा. ते एकमेकांना चिकटलेले आहेत की त्यांच्यामध्ये फट आहे? तुमच्या वर्गातील काही जणांच्या दातांत अशी फट नक्की सापडेल. घरातील वडील मंडळी म्हणतात, 'दातांत फट असलेला भाग्यवान असतो.' हा समज केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समध्ये अशा दातांना 'भाग्याचे दात' म्हणतात आणि पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत ते सौंदर्याचे लक्षण मानले जाते. मात्र ज्याला वर्गात चिडवले जाते, त्याला या भाग्याचे फारसे कौतुक नसते. फट बुजविण्यासाठी तो दोन्ही दातांभोवती रबर बँड गुंडाळून झोपतो. हा उद्योग किती घातक आहे आणि तो घातक का आहे, हे समजण्यास नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. हा विषय दंतवैद्याचा असूनही भौतिकीच्या शिक्षकाने येथे लेखणी उचलली आहे, ती एवढ्याचसाठी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. प्रत्येक फट हा दोष नसतो. घोड्याचे समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये चांगली मोठी मोकळी जागा असते; लगामाचा तोंडातील लोखंडी भाग तेथेच बसतो. गाय, शेळी, ससा, उंदीर यांच्या तोंडातही अशीच जागा असते. दौलताबादच्या किल्ल्यावर तुम्ही वानरे पाहिली असतील. वानराच्या वरच्या सुळ्याच्या पुढे एक फट असते आणि तोंड मिटले की खालचा लांब सुळा तीत जाऊन बसतो. शास्त्रज्ञ या फटीला 'डायस्टेमा' म्हणतात. माणसाचे सुळे आखूड झाले, त्यामुळे त्याला या फटीची गरज उरली नाही. तरी लहान मुलाच्या दुधाच्या दातांत नेमक्या याच ठिकाणी थोडी मोकळी जागा दिसते. दुधाच्या दातांत फटी असणे उलट चांगले, कारण पुढे येणारे समोरचे कायमचे दात रुंदीने मोठे असतात व त्यांना जागा लागते.

तुमच्या धाकट्या भावंडांच्या वयाची, म्हणजे सात ते अकरा वर्षांची मुले पाहा. त्यांच्या समोरच्या दोन दातांत बहुधा फट असते आणि दात पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात. आईवडील घाबरतात. पण कारण साधे आहे. कायमचे सुळे अजून हाडातच असतात आणि खाली उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात. मुळे आत ढकलली गेली की वरची टोके बाहेर फाकतात. तरफेचाच हा प्रकार. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सुळे बाहेर आले की दाब मुळांवरून दातांच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर येतो आणि सुमारे २ मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. या अवस्थेला दंतवैद्य गमतीने 'कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था' म्हणतात. या वयात उपचारांची घाई न करणे हाच पुष्कळदा योग्य उपचार असतो.

सुळे आल्यावरही फट राहिली तर मात्र कारण शोधावे लागते. कधी जबडा मोठा व दात लहान असतात. कधी मधल्या दातांशेजारचा दात मुळात तयारच झालेला नसतो, किंवा तो खुंटीसारखा बारीक असतो. कधी दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात दडलेला असतो; तो एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. वरचा ओठ उचलला की ओठ व हिरडी यांना जोडणारा एक पडदा दिसतो. तो जाड असून दोन दातांच्या मध्ये खोल उतरलेला असला, तरी फट राहते. अंगठा चोखणे, गिळताना जीभ दातांवर रेटणे ही आणखी कारणे. आणि प्रौढ माणसाच्या दातांत पूर्वी नसलेली फट नव्याने पडू लागली, तर ती बहुधा हिरड्यांच्या व हाडाच्या रोगाची खूण असते. आपल्याकडे अनेक घरांत आजही मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तंबाखू हिरड्यांचा शत्रू आहे. आजीचे दात सुटे होत असतील तर ते केवळ वयामुळे असे समजू नका.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दात हाडात घट्ट रोवलेला असतो. मग तो सरकतो कसा?

दात हाडात भिंतीतील खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि द्रव असतो. दातावर एका बाजूने सतत हलका दाब दिला की ज्या बाजूचे तंतू दाबले जातात, तेथे हाड विरघळविणाऱ्या पेशी जमा होतात. ज्या बाजूचे तंतू ताणले जातात, तेथे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. समोरचे हाड मोडायचे, मागे नवे बांधायचे आणि दात पुढे न्यायचा, असा हा व्यवहार. स्वीडनच्या सँडस्टेट यांनी १९०४च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. वेग फार कमी असतो. महिन्याला सुमारे १ मिलिमीटर.

येथे एक कोडे पडते. भाकरी किंवा सुपारी चावताना दातांवर कितीतरी किलोग्रॅम-भाराचे बल येते, तरी दात जागचे हलत नाहीत. जीभ आणि ओठ यांचा दाब अगदी किरकोळ, पण तो दात सरकवितो. असे का? उत्तर काळात आहे. चावण्याचे बल सेकंदाच्या आतच संपते. तेवढ्या वेळात आवरणातील द्रव बाहेर पडू शकत नाही आणि द्रव दाबला जात नाही, हे तुम्ही ब्रामाच्या दाबयंत्राच्या पाठात शिकला आहात. त्यामुळे तो मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखा धक्का झेलतो. दाब काही सेकंद टिकला की द्रव निसटतो. आणि दिवसातून निदान चार-सहा तास टिकला, तर पेशींना 'येथे बदल करा' असा संदेश मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने वेड्यावाकड्या जागी उगवलेला नवा दात रोज बोटाने ढकलावा, असे लिहून ठेवले आहे. दिशा बरोबर होती, पण काही मिनिटांचा जोर पुरत नाही.

मग जोर वाढविला तर काम लवकर होईल का? नाही, आणि हे समजून घेण्याजोगे आहे. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५ ते २० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. पाऱ्याची घनता १३.६ घेऊन गणित केले, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते २७ ग्रॅम-भार येतो. बाहेरचा दाब याहून फार वाढला की केशवाहिन्या चिमटल्या जातात, रक्त थांबते आणि त्या ठिकाणच्या पेशी मरतात. काम करणारे मजूरच उरले नाहीत, तर हाड मोडणार कोण? दात अडून राहतो, वेदना होतात आणि मुळाचे टोकही झिजू शकते. श्वार्त्स यांनी १९३२ मध्ये नेमका हाच रक्तदाबाचा निकष मांडला. त्यांचा आकडा ढोबळ होता, पण तत्त्व टिकले. आज एक दात कलविण्यासाठी ३५ ते ६० ग्रॅम-भार पुरेसा मानतात. दहा रुपयांची सहा-सात नाणी तळहातावर ठेवा. वजन सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे अर्धा न्यूटन. बस्स, एवढाच जोर!

आता त्या रबर बँडकडे पाहू. एक ओले गाजर घ्या आणि त्याच्या मधोमध घट्ट रबर बँड चढवा. तो बारीक टोकाकडे घसरतो. ताणलेल्या रबरात ऊर्जा साठलेली असते. घेर कमी होईल त्या दिशेला गेले की ती कमी होते. दाताचा आकारही गाजरासारखाच आहे. बाहेरचा भाग रुंद, हिरडीजवळ तो निमुळता होतो आणि मूळ टोकाकडे आणखी बारीक होत जाते. म्हणून दातांभोवतीचा रबर बँड रात्रीतून हिरडीखाली सरकतो आणि मग मुळाच्या टोकाकडे चढत राहतो. वाटेतील तंतू तुटतात, हाड नाहीसे होते. मुलाला वाटते, बँड कोठेतरी पडून गेला. रबर एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. हिरडी सुजते, दात डुगडुगू लागतात, आणि अशा प्रकारे समोरचे दोन्ही निरोगी दात गमावल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शिक्षकांना विनंती आहे की ही गोष्ट त्यांनी वर्गात एकदा तरी सांगावी. कोणी असा प्रयोग केला असेल, तर न रागावता त्याला लगेच दंतवैद्याकडे न्यावे आणि बँडचा उल्लेख आवर्जून करावा.

बँड घसरला नाही असे समजू. तरीही भौतिकी आड येतेच. दाताचा 'रोध-केंद्र' म्हणता येईल असा बिंदू हाडात, मुळावर असतो. बाहेरच्या भागावर बल लावले की बिंदू आणि बल यांतील अंतर सुमारे १० मिलिमीटर धरू. ५० ग्रॅम-भार गुणिले १० म्हणजे ५०० ग्रॅम-मिलिमीटरचे आघूर्ण. दात सरळ न सरकता कलतो. टोके जवळ येतात, मुळे दूरच राहतात. दंतवैद्य दातावर लहान पट्टी चिकटवून तिच्या खाचेतून तार नेतात, ती याचसाठी. पट्टी ३ मिलिमीटर रुंद असेल, तर तिच्या दोन कडांवर तारेने परस्परविरुद्ध सुमारे १६७ ग्रॅम-भाराची दोन बले लावली की तेवढेच उलट आघूर्ण मिळते. बलयुग्माचा याहून सुंदर उपयोग मला ठाऊक नाही. मग दात मुळासकट सरळ चालतो.

तारेचीही एक गंमत आहे. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. ०.४ मिलिमीटरऐवजी ०.५ मिलिमीटरची तार घेतली तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. उलट तारेची लांबी वाढविली की तो झपाट्याने, लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, उतरतो. म्हणून कारागीर तारेत फासे घालतात. पोलादी तार हूकचा नियम पाळते. दात जरा सरकला की तिचा जोर घटतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास निकेल आणि टायटॅनियम यांचा 'निटिनॉल' हा मिश्रधातू पुढे आला. आयोवा विद्यापीठातील आंद्रियासन यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी त्याच्या तारा दातांसाठी वापरल्या. पुढे या कुळात अशा तारा निघाल्या की त्या मोठ्या पल्ल्यात जवळजवळ एकसारखा जोर देत राहतात. हल्ली प्लॅस्टिकच्या पारदर्शक साच्यांची मालिकाही वापरतात. प्रत्येक साचा दात सुमारे पाव मिलिमीटर पुढे नेतो.

न्यूटनचा तिसरा नियम तोंडातही लागू आहे. समोरचे दोन दात एकमेकांकडे ओढले तर दोघेही सारखेच सरकतात, ते सोयीचेच. पण दाढेच्या आधाराने समोरचा दात मागे ओढायचा असेल, तर दाढाही पुढे येणार! मात्र वरच्या पहिल्या दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ पटाशीच्या दाताच्या दुप्पट असते. बल तेच, दाब निम्मा, म्हणून ती कमी सरकते.

फट लहान असेल आणि दात मुळातच अरुंद असतील, तर ते सरकविण्याऐवजी रुंद करणे सोपे. दातांच्या रंगाचे मऊ मिश्रण लावून त्यावर सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश टाकतात. काही सेकंदांत ते कडक होते. प्रकाश खोल जात नाही आणि कडक होताना मिश्रण थोडे आकसते, म्हणून ते पातळ थरांनी लावतात. हिरडीच्या रोगामुळे पडलेल्या फटीत मात्र आधी रोग बरा करावा लागतो. आजारी हाडावर तार लावणे म्हणजे खचलेल्या पायावर मजला चढविणे होय.

उपचारांचा खर्च अनेक घरांना परवडत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे घाटी रुग्णालयाच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मुंबई आणि नागपूर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग असतो. जाताना एवढे विचारा: सुळे पूर्ण आले आहेत का, मधला पडदा जाड आहे का, हाडात जादा दात आहे का?

फट मिटली तरी काम संपत नाही. हिरडीतील लवचिक तंतू ताणलेल्या रबरासारखे दातांना जुन्या जागी ओढत राहतात आणि त्यांची फेररचना व्हायला वर्षभरही लागू शकते. म्हणून दातांच्या मागील बाजूस एक बारीक तार चिकटवितात, आणि मधल्या फटीच्या बाबतीत ती अनेकदा कायमची ठेवावी लागते.