चाळीतील खोली आणि कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांमुळे मुंबईकडे कामगारांचा ओघ सुरू झाला. कोकणातून व घाटावरून आलेल्या या श्रमिकांसाठी लालबाग, परळ इत्यादी भागांत चाळी उभ्या राहिल्या. एका कुटुंबास एकच खोली. नळ, शौचकूप व जिना सर्वांचा मिळून. पुढे १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव आदी ठिकाणी चाळी बांधल्या. तेथील खोलीही अवघी १६० चौरस फुटांची होती.

जेथे खोल्या थोड्या व माणसे फार, तेथे मालक मागेल ते भाडे द्यावे लागते. न दिल्यास बिऱ्हाड रस्त्यावर येते. हा अन्याय टळावा म्हणून मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व १९४७ साली अधिक व्यापक कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाण ठरले. नियमाने भाडे भरणाऱ्या भाडेकरूस सबळ कारणाविना घराबाहेर काढता येईना. भाड्याची पावती देणे व पाण्यासारख्या आवश्यक सोयी न तोडणे हे मालकाचे कर्तव्य ठरले.

तथापि या संरक्षणाला दुसरी बाजूही होती. महागाई वाढत गेली, भाडे मात्र गोठलेले राहिले. तेवढ्यात डागडुजी होईना. मालक उदासीन झाले, तुळया कुजल्या, इमारती कोसळून माणसे दगावू लागली. छप्पर टिकवणारा कायदा होता. पण छप्परच टिकेना! म्हणून १९६९ साली नवा कायदा होऊन दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्या निधीतून दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती.

१९४७ च्या कायद्याची जागा २००० साली महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. त्यानुसार भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. परंतु भाडेकरूचे मूळ संरक्षण कायम आहे.

कायदा पुस्तकात असून भागत नाही. जो भाडेकरू वेळेवर भाडे देतो, पावत्या जपून ठेवतो व शेजाऱ्यांसह संघटित राहतो, त्याच्याच हाती तो शस्त्र ठरतो. हक्क आणि कर्तव्य हे एकाच घराचे दोन खांब होत. एक ढासळला की दुसऱ्यावर घर उभे राहत नाही.

स्वाध्याय
१. मुंबईत चाळी का उभ्या राहिल्या?
२. भाडे गोठल्याचे बरेवाईट परिणाम कोणते झाले?