प्रवेश हुकला, तर पुढे? : विद्यापीठाकडे परतण्याच्या वाटा

सालेकसा परिसरात धानाची रोवणी आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या फेऱ्या एकाच वेळी येतात. आईवडील बांधीत असतात, मुलगा किंवा मुलगी गोंदियाला, नागपूरला यादी पाहून येते आणि नाव नसल्यास दुसऱ्या दिवशी रोवणीला लागते. अनेकांचे शिक्षण याच टप्प्यावर खुंटलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने पुनःप्रवेशाचा विचार मांडत आहोत.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची विद्यापीठाची अनुमती मिळविली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1921 मध्ये एम.एस्सी., तर 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंधही त्यांना सुधारून पुन्हा सादर करावा लागला होता. त्यांची अडचण आजच्या विद्यार्थ्याहून वेगळी होती. परंतु परतीचे दार उघडे ठेवूनच बाहेर पडावे, हा धडा आपणा सर्वांसाठी आहे.

प्रवेश न मिळाल्यास प्रथम त्याचे कारण शोधावे, कारण त्यावरच पुढील मार्ग ठरतो.

1. पसंतीक्रम चुकला असल्यास : त्याच वर्षी संधी शिल्लक असते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रवेशप्रक्रियेत एकाहून अधिक फेऱ्या होतात व नंतर रिक्त जागांसाठी संस्थास्तरावर प्रवेश दिले जातात. पहिल्या पसंतीची जागा मिळूनही ती नाकारल्यास पुढील फेऱ्यांस मुकावे लागते, म्हणून क्रम विचारपूर्वक भरावा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास शासकीय शिष्यवृत्ती लागू होत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

2. कागदपत्र अपुरे असल्यास : ही सर्वांत दुःखद हानी होय, कारण गुण असूनही जागा जाते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच करावा. अर्जाची पोचपावती, अधिवास व उत्पन्नाचे दाखले जपून ठेवावेत.

3. गुण कमी पडले असल्यास : अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना पुरवणी परीक्षा व उत्तीर्णांना श्रेणीसुधार योजना उपलब्ध आहे. प्रवेश परीक्षा पुढील वर्षी पुन्हा देता येते. वर्ष रिकामे गेल्यास खंडाबाबतचे शपथपत्र लागते. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सामाईक परीक्षा आहे. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे आपल्याला जवळचे केंद्रीय विद्यापीठ होय.

4. वळणाची वाट : बारावी विज्ञान किंवा आयटीआय उत्तीर्णांस तंत्रनिकेतनाच्या थेट द्वितीय वर्षात आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेता येतो.

5. घर सोडणे अशक्य असल्यास : नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (1989) व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (1985) यांचा आधार घ्यावा. दुसऱ्यात जानेवारी व जुलै अशा दोन सत्रांत प्रवेश होतात. जुलै हुकला तरी रोवणी, कापणी आटोपून जानेवारीत प्रारंभ करता येतो. येथे पदवी घेऊन पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी नियमित विद्यापीठात जाता येते.

जागा मिळूनही राहण्याची सोय नसल्याने काही जण परततात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. पहिलीसाठी समाजकल्याण कार्यालयात व दुसरीसाठी देवरी येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. अभ्यासक्रम बदलताना शिष्यवृत्तीवर होणारा परिणामही आधीच विचारून घ्यावा. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

पालकांना आमची विनंती आहे की, यादीत नाव नसलेल्या मुलाला, विशेषतः मुलीला, “आता पुरे” असे म्हणू नये. एक वर्ष द्यावे. त्या वर्षाचा हिशेब मात्र अवश्य मागावा. विद्यार्थ्यांनीही संकोच न करता शाळेत यावे. येथून गेलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज भरून देणे हे आम्ही आमच्या अध्यापनाचेच काम मानतो.