बेटावरचा संसार



आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईला असते. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाचा चुलता परळला, तर कोणाची लेक गिरगावात दिलेली. पण मुंबई हे एक बेट आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. पूर्वी तर इथे एक नाही, सात बेटे होती. परळ हे एक बेट, माहीम दुसरे, वरळी तिसरे, माझगाव चौथे, अशी ती वेगवेगळी होती. मधल्या खाड्या भरून काढल्या आणि सातांचे एक झाले. आजही गाडी दादर सोडून माहीमच्या पुढे गेली की खाडीवरचा पूल लागतो. तो पूल म्हणजे बेटाची वेस.

बेटावरच्या माणसांनी संसार कसा करावा, हे या धड्यात पाहू. आधी मुंबई पाहू. मग समुद्रापलीकडचा एक छोटा देश पाहू. त्या देशातही आपली मराठी माणसे आहेत, बरं का!

१. मुंबईचे पाणी कोठून येते?

समुद्र चारी बाजूंना असला, तरी त्याचे पाणी खारट. ते पिता येत नाही, शेतीलाही चालत नाही. जुन्या मुंबईत लोक विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत. धोबीतलाव हे नाव अजून आहे. तलाव मात्र केव्हाच बुजला. वस्ती वाढली, गिरण्या आल्या, तसे ते पाणी पुरेना. म्हणून १८६० साली शेजारच्या साष्टी बेटावर विहार तलाव बांधला आणि तिथून नळाने पाणी आणले. तेही पुरेना. मग १८९२ साली ठाणे जिल्ह्यातल्या तानसा तलावाचे पाणी आणले. पुढे वैतरणेचे आणले, भातसेचे आणले. आज लालबागच्या चाळीत नळ सुटतो, तेव्हा त्यात शहापूर तालुक्याचा पाऊस असतो.

कचऱ्याचेही तसेच झाले. तो बेटावर मावेना, म्हणून १९२७ सालापासून देवनारला नेऊन टाकू लागले. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली आणि धुराने आसपासच्या वस्त्यांतली माणसे हैराण झाली.

म्हणजे मुंबईने काय केले? जे हवे ते बाहेरून आणले. जे नको ते बाहेर टाकले. पण ‘बाहेर’ म्हणजे कोठे? बाहेर म्हणजे कोणाचे तरी गाव, कोणाची तरी वस्ती. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते, तिथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आता बोला!

समजा, मुंबईच्या शेजारी ठाणे जिल्हा नसता, तर? सगळीकडे नुसता समुद्रच असता, तर मुंबईने काय केले असते? असे बेट खरोखरच आहे. त्याचे नाव मॉरिशस.

२. मॉरिशस आणि आपली माणसे

मॉरिशस हा हिंदी महासागरातला देश. मुंबईहून तो साडेचार हजार किलोमीटरांपेक्षाही लांब आहे. मुख्य बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. वस्ती सुमारे साडेबारा लाख. शेजारी दुसरा मोठा मुलूख नाही. देशाचे दुसरे बेट रॉड्रिग्ज, तेही शेकडो किलोमीटर दूर.

तिथे उसाचे मोठमोठे मळे होते. १८३४ सालापासून इंग्रजांनी त्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजे सुटत. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती. त्यांचे नातू-पणतू आज तिथे आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात. गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. मजूर जिथे उतरत, त्या पोर्ट लुई बंदरातल्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ साली जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला.

३. एकदा गेले ते गेले

मॉरिशसला पहिली शिकवण फार महाग पडली. तिथे डोडो नावाचा मोठा पक्षी होता. तो उडत नसे. माणूस त्याने कधी पाहिला नव्हता, म्हणून तो माणसाला भीतही नसे. १५९८ साली डच खलाशी बेटावर आले. त्यांनी पक्षी मारले. त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली. त्यांनी जमिनीवरची अंडी खाल्ली. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. आता तो चित्रातच पाहायचा.

जंगलाचीही तीच गत झाली. तिथे आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतली, काळ्या लाकडाची झाडे होती. ती तोडून परदेशी नेली. पुढे फ्रेंचांचे राज्य आले. तेव्हा पिएर प्वाव्र नावाचा एक अधिकारी होता. झाडे गेली की पाऊस आणि ओढेही जातील, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून १७६९ साली नियम झाला, की जमीनदाराने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा जंगल म्हणून राखावा. नियम चांगला होता. पण पुढे उसाला भाव आला आणि लोक नियम विसरले. आज बेटावरच्या मूळ जंगलाचे शंभरात दोन भागही चांगले उरलेले नाहीत.

जे उरले ते तरी राखू, असे स्वतंत्र मॉरिशसने ठरवले. १९९४ साली डोंगराळ भागात मोठे राखीव उद्यान केले. ससाण्याच्या जातीचा एक लहान पक्षी फक्त त्याच बेटावर असतो. १९७४ साली रानात असे चारच पक्षी उरल्याचे माहीत होते! जाणत्या माणसांनी त्यांच्या घरट्यातली अंडी हलक्या हाताने काढून उबवली. पक्ष्याने पुन्हा अंडी घातली. पिले वाढवून रानात सोडली. आज ते पक्षी काही शेकडे आहेत. डोडो परत आणता आला नाही, हा पक्षी मात्र वाचला. चार उरले होते म्हणून वाचला. एकही उरला नसता, तर काय करणार होते?

४. वाळू आणि पोवळ्याचा बांध

मॉरिशसच्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्याभोवती पोवळ्याचा म्हणजे प्रवाळाचा खडक आहे. हा खडक बारीक सागरी जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला असतो. समुद्राच्या मोठ्या लाटा त्यावर फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी शांत राहते. शेताला जसा बांध, तसा बेटाला हा खडक.

खडकाच्या आतल्या उथळ पाण्यात पांढरी वाळू असते. घरे बांधायला लोक ती वर्षानुवर्षे काढत होते. वाळू काढली की पाणी गढूळ होते, मासे जातात, किनारा खचू लागतो. म्हणून २००१ साली ही वाळू काढण्यावर बंदी घातली. मग घरे बांधायची कशाने? मॉरिशसचा दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, ज्वालामुखीतून झालेला. तो दगड दळून त्याचा चुरा वापरू लागले.

आपल्याकडे नदीची वाळू रात्रीतून ट्रक भरभरून जाते. कोणी म्हणेल, “गुरुजी, वाळू काय, पुराबरोबर पुन्हा येतेय की!” पण वाळू ही नुसती वाळू नव्हे. ती पावसाचे पाणी धरून ठेवते. नदीची वाळू गेली, की काठच्या विहिरी लवकर आटतात. विकणाऱ्याला पैसे एकदाच मिळतात. आटलेली विहीर साऱ्या गावाची असते.

५. समुद्राला विश्रांती

रॉड्रिग्ज बेटावर पुष्कळ बायका ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन ऑक्टोपस धरतात. ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा सागरी जीव. आपले कोळी लोक माकूल धरतात, त्याच्याच गणगोतातला. धरणारे वाढले आणि लहान पिलेही धरली जाऊ लागली. माल कमी झाला. मग २०१२ साली तिथे ठरले, की दोन महिने कोणीही ऑक्टोपस धरायचा नाही. पण त्या दोन महिन्यांत चूल कशी पेटायची? नोंद झालेल्या मच्छीमारांना किनाऱ्याची सफाई अशी कामे देऊन रोज दिला. दोन महिन्यांनी लोक पाण्यात उतरले, तेव्हा ऑक्टोपस मोठे आणि वजनदार झाले होते. तेव्हापासून अशी बंदी पुन्हा पुन्हा पाळली गेली.

यात नवल वाटायला नको. आपल्या कोळी समाजात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटतात. सरकारी बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी असते. रॉड्रिग्जच्या गोष्टीत घेण्यासारखे एवढेच, की बंदी घालताना पोटाचाही विचार केला. पोट उपाशी असेल, तर नियम टिकत नाही.

६. चिपाडाची वीज, कचऱ्याची एकच जागा

मॉरिशसमध्ये कोळसा नाही, तेल नाही. ऊस मात्र आहे. उसाचा रस काढल्यावर चिपाड उरते. साखर कारखान्यांत ते जाळून वाफ करतात आणि वाफेवर वीज करतात. देशाच्या विजेचा साधारण दहावा हिस्सा असा निघतो. आपल्याकडेही कित्येक सहकारी साखर कारखाने अशी वीज करतात. पण खरे ते सांगितले पाहिजे. गाळपाचा हंगाम संपला की तिथे त्याच भट्ट्यांत परदेशी कोळसा जाळतात. बहुतेक वीज अजूनही कोळसा आणि तेल यांवरच होते. तांदूळ आणि गहूही बाहेरूनच येतो. मॉरिशसने सगळे साधले आहे, असे मुळीच नाही.

कचरा पुरायला त्या देशात जागा एकच. तिचे नाव मार शिकोज. ती १९९७ साली सुरू झाली आणि आता भरत आली आहे. ती भरली की दुसरी कोठे शोधणार? कोणाच्या शेतात, कोणाच्या गावाशेजारी? म्हणून त्यांनी कचरा कमी करायचे ठरवले. १ जानेवारी २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या. २०२१ साली एकदा वापरून फेकायच्या ताटल्या, पेले, चमचे यांवरही बंदी घातली.

महाराष्ट्रानेही २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली, तेव्हा गटारांत अडकलेल्या पिशव्या सर्वांनी पाहिल्या होत्या. तरी बाजारात पिशवी मिळतेच, नाही का? दुकानदार देतो, कारण आपण मागतो. कायदा सरकार करते. पिशवी घरून न्यायची ती आपणच.

७. पाचटाचा बांध

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे मोठे मालवाहू जहाज मॉरिशसच्या पोवळ्याच्या खडकावर चढले. मोबाईलला सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणले होते, असे पुढे चौकशीत दिसून आले. ६ ऑगस्टला जहाजातून तेल गळू लागले. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. निळे पाणी काळे झाले. कांदळवनाची मुळे तेलाने माखली.

तेव्हा हजारो माणसे किनाऱ्यावर धावली. शेतकरी, मच्छीमार, शाळेतली मुले, म्हातारी माणसे, सगळी आली. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या. त्यांत उसाचे पाचट भरले. रिकाम्या बाटल्या बांधून त्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. असा पाचटाचा बांध घालून लोकांनी तेल अडवले. सगळे अडले नाही. पुष्कळ नुकसान झाले. पण समुद्र आपला आहे, ही गोष्ट त्यांनी कोणाकडून ऐकून घेतली नाही. ते स्वतः कमरेएवढ्या तेलकट पाण्यात उभे राहिले.

एक संकट मात्र पाचटाने अडत नाही. जगभरच्या धुराने हवा तापते आहे, समुद्र तापतो आहे आणि चढतो आहे. तापलेल्या पाण्यात पोवळे पांढरे पडून मरते. तो धूर मुख्यतः मोठ्या देशांचा, आणि खचतो तो लहान बेटाचा किनारा. शहापूरच्या पाड्याचे आणि त्या बेटाचे दुःख इथे एकच आहे. उपभोग एकाचा, झळ दुसऱ्याला.

८. आपले गाव

मॉरिशसला ‘बाहेर’ नाही. म्हणून त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्याला वाटते, आपल्याला बाहेर आहे. पण आपण ओढ्यात टाकलेला कचरा खालच्या गावाच्या पाणवठ्यावर जातो. आपण डोंगर बोडका केला की गाळ खालच्या बंधाऱ्यात साठतो. वरच्या गावाने तसेच केले, तर ते आपल्याकडे येते. तेव्हा आपले गावही एक बेटच आहे, असे समजून वागावे. त्यात आपले हित आहे आणि शेजाऱ्याचेही.

शब्दांचे अर्थ

पोवळे, प्रवाळ : समुद्रातील बारीक जीव व त्यांनी बांधलेला खडक
कांदळवन : खाडीच्या चिखलात वाढणारे झाडांचे रान
राखीव : मुद्दाम राखून ठेवलेले
गाळप : कारखान्यात ऊस पिळणे

प्रश्न

१. मुंबईला पाणी कोणकोणत्या तलावांतून येते?
२. डोडो पक्षी का संपला? लहान ससाणा कसा वाचला?
३. ऑक्टोपस धरण्याची बंदी लोकांनी का पाळली असेल?
४. वाळू गेल्याने विहीर का आटते?

करून पाहा

चार घरांनी मिळून एक वही करावी. गावात बाहेरून काय येते आणि गावातून बाहेर काय जाते, ते आठ दिवस लिहावे. पाणी, जळण, वाळू, कचरा, धान्य, सगळे लिहावे. वही रात्रीच्या वर्गात सर्वांना वाचून दाखवावी आणि मग चर्चा करावी.