तुरा लाल होण्याआधी : नर पिल्लांची ओळख आणि सोय

उबवलेल्या अंड्यांतून नर आणि मादी पिल्ले साधारण निम्मी-निम्मी निघतात. पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग आईकडून ठरते : कोंबडीकडून झेड गुणसूत्र आले तर नर, डब्ल्यू आले तर मादी. अंडे लांबट आहे की गोल, यावरून ते कळत नाही. पिल्लू उलटे धरल्यावर पाय कसे झाडते, यावरूनही नाही. गिरिराज, वनराज, कावेरी अशा जातींची एक दिवसाची पिल्ले परसात पाळण्यासाठी बहुधा मिश्रच विकली जातात. म्हणून सहा पिल्ले आणणाऱ्याने तीन नर धरूनच चालावे, चार निघण्याचीही तयारी ठेवावी.

एक दिवसाच्या पिल्लाची पारख तज्ज्ञच करू शकतो. गुदद्वाराच्या आतला बारीक उंचवटा पाहून नर ओळखण्याची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२०च्या दशकात विकसित केली. तिला दीर्घ सराव लागतो. अननुभवी हाताने दाब दिल्यास पिल्लू दगावू शकते. काही संकरांत रंगावरूनच ओळख पटते. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉक मादी यांच्या काळ्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेले पिल्लू नर असते. ही खूण त्या संकरापुरतीच खरी. गावठी पिल्लांना ती लावता येत नाही.

परसात पाळणाऱ्याला पहिला अंदाज ४ ते ६ आठवड्यांत येतो. एकाच वयाची पिल्ले शेजारी ठेवून पाहावीत. नराचा तुरा आणि चोचीखालच्या पाळ्या आधी वाढतात व लाल होतात. पाय जाड आणि उभे राहणे ताठ असते. मादीचा तुरा या वयात लहान आणि फिकट पिवळसर असतो. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट असल्याने तिथे रंगापेक्षा आकार पाहावा. खात्रीची खूण १० ते १२ आठवड्यांनंतर मिळते. पंख हलकेच बाजूला सारून शेपटीच्या बुडाजवळची पिसे बोटांवर घ्यावीत : नराची अरुंद, टोकदार आणि चकचकीत असतात, मादीची रुंद आणि टोकाला गोलसर. मानेवरही हाच फरक दिसतो. पायामागच्या काट्यावर विसंबू नये. तो काही माद्यांनाही येतो. आरवणे बहुधा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सुरू होते.

एवढे दिवस सोय न करता घालवले, तर काय होते याचा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या घरचा आहे. ‘सगळ्या माद्या’ असे सांगून बाजारात दिलेल्या सहा पिल्लांपैकी चार नर निघाले. तिसऱ्या महिन्यात तुरे लाल झाले, तरी निर्णय पुढे ढकलला गेला. चौथ्या महिन्यात चौघेही पहाटे आरवू लागले. रात्री टोपल्याखाली झाकूनही आरवणे थांबले नाही. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. कोंबड्याला पहाट आतूनच कळते, हे नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३मध्ये मंद, न बदलणाऱ्या प्रकाशात कोंबडे ठेवून दाखवले. तोवर दोन माद्यांच्या पाठीवरची पिसे नरांच्या पंजांनी झडून कातडी उघडी पडली होती. शेवटी घाईत एक कोंबडा अनोळखी माणसाला दिला गेला. त्याने खुराडे कुठे आहे हे सांगितले नाही. कोंबड्याची छाती चाचपली, मांड्या दाबल्या आणि तो दुसऱ्या नराच्या अंगावर धावतो का, एवढेच विचारले. तो झुंजीसाठी नेला होता, हे नंतर कळले.

हे टाळण्यासाठी नराची सोय पिल्ले आणण्याआधीच ठरवावी. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्ले काढायची असतील तरच ८ ते १० माद्यांमागे एक नर पुरतो. नर खाण्यासाठी जाणार की पाळण्यासाठी, हे घरात, विशेषतः मुलांशी, आधीच स्पष्ट बोलावे. खाण्यासाठी द्यायचा असेल, तर आषाढात गिऱ्हाईक दारात येते, श्रावणात कोणी विचारत नाही. पाळण्यासाठी द्यायचा असेल, तर गावाकडे माद्यांचा कळप असून नर नसलेले, किंवा म्हातारा नर बदलू पाहणारे घर शोधावे आणि जागा स्वतः पाहून यावी. विदर्भातील कोंबडबाजारात नरांच्या पायाला काती (धारदार पाते) बांधून झुंजी लावल्या जातात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा आहे. फक्त अंगकाठी आणि आक्रमकपणा विचारणाऱ्याला नर देऊ नये. नर सोडूनही देऊ नये : माळावर किंवा देवळाजवळ सोडलेला पाळीव कोंबडा कुत्र्या-मुंगसांच्या तावडीत सापडतो.

देताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली ते सांगावे. पाय बांधून उलटे लोंबकळत नेऊ न देता हवेशीर पाटीत किंवा खोक्यात द्यावा. नव्या घरी तो किमान ३ आठवडे वेगळा ठेवावा आणि तिथल्या कळपाला आधी जाळीपलीकडून दिसू द्यावा.

ज्यांना नर नकोच, त्यांनी एक दिवसाची पिल्ले घेऊच नयेत. १२ ते १६ आठवड्यांच्या तलंगा (तरुण माद्या) महाग पडतात, पण शेपटीजवळची पिसे बोटांवर घेऊन त्या निवडून घेता येतात.