निष्फळ अंजीर आणि आपल्या अंगणातील माती

शास्त्रपाठ: लूक १३:६-९, उत्पत्ति २:१५, लेवीय २५:१-७



निष्फळ अंजिराचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे, आणि पश्चात्तापास विलंब लावू नये हा त्याचा बोध आपणांस ठाऊक आहे. तो बोध खराच. तथापि आज आपण त्या दाखल्यातील माळ्याकडे विशेष लक्ष देऊ. धन्याने तीन वर्षे झाडाची फांदी पाहिली. माळ्याची नजर झाडाच्या बुडाकडे गेली. झाड निर्दोष आहे असे तो म्हणत नाही. तो आणखी एका वर्षाची मुदत मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करू हेही सांगतो: सभोवती खणू व खत घालू. झाडाला दोष देण्यापूर्वी मातीची चौकशी करावी, हा आजचा आपला पाठ होय.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. एका दुष्काळी गावी पाळक असता मंदिराच्या आवारात आम्ही बारा रोपे लावली. आवार स्वच्छ दिसावे म्हणून दर शनिवारी मी सर्व पालापाचोळा झाडून घेत असे व कोपऱ्यात जाळवीत असे. मंडळीतील भगिनी अर्ध्या कोसावरून पाणी आणून रोपांस घालीत. परंतु सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत नाहीसे होई. वैशाख सरला तेव्हा तीन रोपे उरली होती. "ही जमीनच नापीक," असे मी म्हणालो. त्यावर पाणी वाहणारी एक वृद्ध बाई म्हणाली, "साहेब, रानात कोण झाडतंय? पाला पडतो तिथंच राहतो, म्हणून खालची माती ओली असती." मला उत्तर देता आले नाही. तिने डोक्यावरून आणलेल्या कित्येक घागरी माझ्या झाडूने व्यर्थ घालविल्या होत्या.

याचे कारण समजून घेऊ. उघडी माती उन्हाने इतकी तापते की तीवर हात ठेववत नाही. तिच्यातील ओल उडून जाते, आणि गांडुळे व सूक्ष्म जीव मरतात किंवा खोल जातात. पुढे पावसाचे टपोरे थेंब तिच्यावर आदळून वरचा थर घट्ट बसतो. मग पाणी मुरत नाही, तर माती घेऊन वाहून जाते. तोच पाला जमिनीवर राहिला तर तो सावली देतो, पावसाचा मार सोसतो, आणि कुजून झाडाचे अन्न होतो. जाळला तर मूठभर राख उरते. नत्र व सेंद्रिय अंश धुरावाटे निघून जातात.

हे ज्ञान आपल्या देशातील शेतकऱ्यांस जुनेच आहे. इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा व शेण यांपासून उत्तम खत करण्याची रीत प्रयोगांनी ठरविली. या कामी त्यांचे सहकारी यशवंत वाड हे होते, व दोघांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. ही रीत 'इंदूर पद्धत' या नावाने पुष्कळ देशांत गेली. हॉवर्ड स्वतः विद्वान असूनही येथील शेतकऱ्यांस आपले गुरू म्हणत, ही गोष्ट आम्हां शिकलेल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

१. खताचा ढीग. सावलीत सुमारे ३ फूट लांब-रुंद जागा घ्यावी. वीतभर सुका पाला व काडीकचरा, त्यावर शेणकाला, मग थोडी माती व चिमूटभर राख, असे थर कमरेइतके रचावेत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी तो उलथावा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. दुर्गंधी आली तर पाणी फार व हवा कमी झाली असे समजावे, आणि सुका पाला मिसळून ढीग पुन्हा उलथावा.

२. आच्छादन. रोपाच्या आळ्यात ३-४ इंच जाड पाला पसरावा. परंतु खोडास तो चिकटू देऊ नये, नाहीतर खोड कुजते.

३. पाणी. रोपापासून हातभर अंतरावर साधे कच्च्या रंगाचे, झिरपणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व झाकावे. पाणी हळूहळू मुळांकडे झिरपते, उन्हाने उडत नाही. न्हाणीचे पाणी केळीच्या किंवा कर्दळीच्या आळ्यात सोडावे; ते साचू देऊ नये.

४. सावली. दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते. यास्तव भिंतीपासून पुरेसे दूर, पश्चिमेस कडुलिंब, करंज किंवा चिंच लावावी. सीताफळ, बोर व शेवगा थोड्या पाण्यावर जगतात. सर्व आवारास फरशी घालू नये. पावसाला जमिनीत शिरण्यास वाट असू द्यावी.

५. कीड. प्रत्येक किडा वैरी नव्हे. ढालकिडे मावा खातात. बेडूक, सरडे व साळुंक्या आपले चाकरीवाचून चाकर आहेत. उपद्रव वाढलाच तर ५० ग्रॅम सुक्या लिंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्याने गाळून संध्याकाळी फवाराव्यात.

त्या बाईच्या सांगण्याप्रमाणे पुढील पावसाळ्यात आम्ही नऊ रोपे पुन्हा लावली व पाला जागीच ठेवला. त्या उन्हाळ्यात पाणी दिवसाआड पुरले, आणि सात रोपे जगली. दोन गेली, तीही सांगितली पाहिजेत.

देवाने मनुष्याला बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. इस्राएलास त्याने सातव्या वर्षी भूमीलाही विसावा देण्यास सांगितले. जमीन आपली दासी नव्हे; ती आपल्या हाती दिलेली ठेव आहे.

शेवटी आणखी एक गोष्ट पाहा. त्या अंजिरास पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. माळ्याने फळाचे वचन दिले नव्हते. आपल्या श्रमाचे दिले होते. आपल्या मंडळीतही असे एखादे घर असते की ज्याचे नाव वहीतून काढावे असे आपण म्हणू लागतो. त्या घराच्या बुडाशी आपण कधी खणले काय? की जे थोडेसे आच्छादन होते तेही झाडून टाकिले?

विचारासाठी प्रश्न
१. धनी व माळी यांच्या पाहण्यात कोणता भेद आहे?
२. आपल्या गावात कोणता पाला जाळला जातो, व त्याचे काय करता येईल?
३. पाणी वाहणाऱ्यांचे श्रम वाचावेत म्हणून मंडळीने कोणते काम हाती घ्यावे?

या आठवड्याचे काम: मंदिराच्या आवारातील पाला जाळू नये. पुढील शब्बाथापूर्वी खताचा पहिला थर रचावा.