मोटारसायकलचे मूळ टायर : बदलावेत केव्हा आणि का?

वेगवान मोटारसायकल विकत घेणारा तरुण इंजिनाची शक्ती, गिअर आणि ब्रेक यांची बारकाईने चौकशी करतो. ती गाडी ज्यांच्या आधारे रस्ता धरून राहते, त्या टायरांचा विचार मात्र बहुधा ते गुळगुळीत झाल्यावरच केला जातो. याच्या उलट दुसरेही टोक आढळते. मित्रमंडळींच्या सल्ल्यावरून नव्या गाडीचे सुस्थितीतील टायर काढून टाकले जातात व त्या जागी अधिक रुंद, अधिक महागडे टायर बसविले जातात. पहिल्या प्रकारात जिवाला धोका आहे. दुसऱ्यात पैशाचा अपव्यय आणि पुष्कळदा धोकाही आहे. कारखान्यातून गाडीबरोबर आलेले मूळ टायर ठेवावेत की बदलावेत, हा वस्तुतः हौसेचा प्रश्न नसून मोजमापाने सोडविण्याचा प्रश्न आहे. ते मोजमाप कसे करावे, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

तळहाताएवढा आधार

मोटारसायकलचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. गाडी वेग घेते, थांबते किंवा वळते, ती या दोन तळहातांएवढ्या रबराच्या पकडीवर. ही पकड शास्त्रात घर्षणगुणांकाने मोजतात. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक ०.८ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ वर आला, तर हेच अंतर सुमारे २८ मीटर होते. आणि झिजलेल्या टायरमुळे तो ०.३ पर्यंत घसरला, तर ते ४७ मीटरपर्यंत जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या अवधीत गाडी आणखी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, हे वेगळेच.

वळणावर हिशेब अधिक काटेकोर होतो. घाटातील ३० मीटर त्रिज्येचे एखादे वळण घ्या. ते ताशी ४० किलोमीटर वेगाने घ्यावयाचे झाल्यास सुमारे ०.४२ इतका घर्षणगुणांक लागतो आणि गाडी सुमारे २३ अंश कलते. वेग ५० किलोमीटर झाला, की गरज ०.६६ वर जाते. ६० किलोमीटरला ती ०.९४ होते. म्हणजेच ओल्या रस्त्याने ०.५ इतकीच पकड दिली, तर ४० चा वेग निभावतो आणि ५० चा निभावत नाही. टायर कितीही उत्तम असला, तरी सार्वजनिक रस्त्यावर ०.९४ ची खात्री कोणीही देऊ शकणार नाही. चांगला टायर सुरक्षिततेची मर्यादा थोडी वाढवितो; ती नाहीशी करीत नाही. नव्या टायरच्या भरवशावर वेग वाढविणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

मूळ टायर म्हणजे काय?

मूळ टायर हा निर्मात्याने अनेक गरजांचा मेळ घालून निवडलेला असतो. पकड, टिकाऊपणा, इंधनाची बचत, खडबडीत रस्ता सोसण्याची क्षमता आणि किंमत या साऱ्यांचा विचार त्यात असतो. मऊ रबराची पकड अधिक, पण झीजही अधिक. कठीण रबर पुष्कळ किलोमीटर चालते, पण ओल्या रस्त्यावर कमी पडते. तेव्हा मूळ टायर निकृष्टच असणार हा समज जसा चुकीचा आहे, तसाच तो प्रत्येकाच्या उपयोगाला सर्वोत्तमच असेल हा समजही बरोबर नाही. शहरात कामावर जाण्यासाठी गाडी वापरणारा आणि पावसाळ्यात कोकणचे घाट वारंवार ओलांडणारा, या दोघांच्या गरजा भिन्न आहेत.

टायरच्या बाजूवरील अक्षरे व आकडे त्याची कुंडलीच सांगतात. समजा तेथे १४०/६० आर १७, ६३ एच असे लिहिले आहे. याचा अर्थ टायरची रुंदी १४० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे ८४ मिलिमीटर, रचना रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच. ६३ हा भारनिर्देशांक २७२ किलोग्रॅम भारक्षमता दर्शवितो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटर वेगमर्यादा दाखविते. नवा टायर घेताना भार व वेग यांचे निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नयेत. तद्वतच आयएसआय चिन्ह व दुचाकी-तीनचाकी टायरांसाठीचा आयएस १५६२७ हा मानक क्रमांक पाहूनच खरेदी करावी.

बदल अपरिहार्य केव्हा?

नक्षीचे मुख्य काम पाणी बाजूला सारणे हे होय. कोरड्या शर्यतपथावर नक्षी नसलेले टायर वापरतात, कारण तेथे जितके रबर टेकेल तितके चांगले. आपल्या रस्त्यांवर मात्र पाऊस, चिखल व सांडलेले तेल यांच्याशी गाठ असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. नक्षीच्या खाचांत तळाशी झीजदर्शक उंचवटे असतात. त्यांची जागा टायरच्या बाजूवर लहान त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखविलेली असते. रबर झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आले, की बदल टाळता येत नाही. ही मर्यादा शेवटची आहे, हे विसरू नये. बोलीभाषेत ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, तो होईपर्यंत थांबणे म्हणजे पावसाळ्यात अपघाताला निमंत्रण देणे होय. घाटातून जाणाऱ्याने खोली दीड-दोन मिलिमीटरवर आली असतानाच खरेदीची तयारी करावी.

खोली एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. सरळ महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा मागील टायर मध्यभागी झिजून सपाट होतो, तर कडेची नक्षी जवळजवळ नवी राहते. अशी गाडी वळणात कलताना सपाट भागाच्या कडेवरून अचानक पडल्यासारखी वाटते. कडेची नक्षी दाखवून टायर अजून चालेल असे सांगितले, तरी विश्वास ठेवू नये. मध्यभागाची खोली हीच खरी.

नक्षी शिल्लक, पण वय झालेले

कमी वापरलेल्या गाड्यांच्या बाबतीत मोठी फसगत होते ती येथे. उष्णता, ऊन, प्राणवायू आणि ओझोन यांच्या परिणामाने रबर हळूहळू कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. वर्षानुवर्षे उभी राहिलेली मोटारसायकल या दृष्टीने चालत्या गाडीपेक्षा सुरक्षित नसते. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो काढून टाकावा, असा अनेक टायर उत्पादकांचा सल्ला आहे. आपल्याकडील कडक उन्हात उभी राहणारी गाडी असेल, तर दहा वर्षांची वाट न पाहणे शहाणपणाचे. जुनी मोटारसायकल विकत घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्याआधी हे चार आकडे वाचावेत.

बाजूवर फुगवटा, आतील धागे दिसणारी चीर किंवा बाजूला झालेले पंक्चर ही लक्षणे दिसल्यास वय व नक्षी न पाहता टायर त्वरित बदलावा.

रुंद टायरचा मोह

आपल्याकडे २००८ साली आलेल्या यामाहा आर-१५ या मोटारसायकलचे उदाहरण उद्बोधक आहे. तिचा मागील टायर १००/८०-१७ आकाराचा होता आणि तो अरुंद दिसतो अशी तक्रार होती. २०११ साली दुसऱ्या आवृत्तीत निर्मात्याने १३०/७० आकाराचा रेडियल टायर दिला. परंतु तो जुन्याच चाकावर चढविला नाही. त्यासाठी चाके बदलली, मागील चाक धरणारा स्विंगआर्म बदलला आणि दोन चाकांमधील अंतरही १,२९० वरून १,३४५ मिलिमीटर केले. रुंद टायर हा गाडीच्या रचनेचा एक भाग असतो, हाच त्याचा अर्थ.

अरुंद रिमवर रुंद टायर बसविला, की त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन मध्यभाग उंचावतो व टायरचा आकार बिघडतो. रुंदी वाढूनही टेकणारी जागा अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, वळताना गाडी जड वाटते आणि टायर साखळीला किंवा मडगार्डला घासण्याची भीती राहते. वरील दोन आकारांच्या व्यासांतही २२ मिलिमीटरचा म्हणजे सुमारे पावणेचार टक्के फरक पडतो. तेवढ्या प्रमाणात चढावर गाडीची ओढ मंदावते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. यास्तव आकार मूळचाच ठेवावा आणि सुधारणा हवी असल्यास रबराच्या व नक्षीच्या प्रकारात करावी.

निर्णयाची क्रमवारी

गाडी घसरते किंवा डोलते अशी शंका आल्यास प्रथम टायर थंड असताना हवेचा दाब मोजावा व निर्मात्याने सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. मागे दुसरी व्यक्ती बसणार असेल, तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा. पुष्कळदा दोष टायरचा नसून कमी हवेचा, सैल बेअरिंगचा किंवा निकामी झालेल्या शॉक ॲब्सॉर्बरचा असतो. हे सारे ठीक असेल, तर नक्षीची खोली, निर्मितीचे वर्ष आणि बाजूवरील इजा या क्रमाने तपासणी करावी. यांपैकी एकही गोष्ट मर्यादेबाहेर असेल, तर खर्चाचा विचार न करता टायर बदलावा. तिन्ही ठीक असतील आणि आपल्या नेहमीच्या वेगात, नेहमीच्या रस्त्यावर गाडी विश्वासाने चालत असेल, तर मूळ टायर ठेवावेत. वाचलेल्या पैशातून उत्तम शिरस्त्राण घ्यावे. टायर सुस्थितीत असूनही ओल्या घाटात पकड सातत्याने अपुरी वाटत असेल, तरच त्याच आकाराच्या अधिक पकड देणाऱ्या टायरचा विचार करावा. असा बदल शक्यतो पुढील व मागील टायरांचा एकत्र, उत्पादकाने सुचविलेल्या जोडीनुसार करावा.

नवा टायर बसविताना बाजूवरील बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेशी जुळवावी, हवेचा व्हॉल्व्ह नवा घालावा आणि चाकाचा समतोल तपासून घ्यावा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यामुळे पहिले सुमारे दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक व तीव्र कल टाळून गाडी चालवावी.

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. नेमक्या त्याच दिवसांत सह्याद्रीचे घाट पाहण्यासाठी तरुणांच्या मोटारसायकली मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि त्यांतील अनेकींवर मागे कोणीतरी विश्वासाने बसलेले असते. मे महिन्याच्या अखेरीस दहा मिनिटे काढून दोन्ही टायरांची खोली, वर्ष व दाब तपासला, तर त्या विश्वासाला आपण पात्र आहोत की नाही, हे घाट लागण्यापूर्वीच कळेल.